वाळवंटी नगरनियोजन

वाळवंटी नगरनियोजन : अत्यल्प पावसाच्या प्रदेशात वाढत जाणाऱ्या वस्तीसाठी पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पुराच्या पाण्याचा निचरा, रस्ते, वीज, तसेच शाळा, दवाखाने, बाजार, उद्याने व स्मशाने या सार्वजनिक सोयींची आगाऊ आखणी करण्याची पद्धती. वर्षाला २५० मिमी.पेक्षा कमी पाऊस ही वाळवंटाची रूढ व्याख्या नियोजनासाठी अपुरी पडते, कारण थंड वाळवंटात २०० मिमी. पाऊस जेवढा पुरतो तेवढा उष्ण वाळवंटात पुरत नाही. त्यामुळे पाऊस आणि संभाव्य बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जन (जमिनीतून व वनस्पतींतून वाफ होऊन उडून जाऊ शकणारे पाणी) यांचे गुणोत्तर पाहण्याची पद्धत अधिक सोयीची ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने स्वीकारलेल्या वर्गीकरणानुसार हे गुणोत्तर ०·२० पेक्षा कमी असल्यास प्रदेश शुष्क आणि ०·०५ पेक्षा कमी असल्यास अतिशुष्क मानतात.

अशा प्रदेशात नगर कोठे वसवावे आणि किती वाढू द्यावे हे जमिनीपेक्षा पाण्यावर ठरते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. आणलेले पाणी वापरून झाल्यावर जाणार कोठे, हा प्रश्न मात्र बहुतेक आराखड्यांत उशिरा येतो, आणि वाळवंटी नगरांचे मोठे नुकसान या उशिरामुळेच झालेले दिसते.

प्राचीन पद्धती व त्यांच्या उगमाचा वाद : यंत्रयुगापूर्वी वाळवंटातील मोठ्या वस्तीला वर्षभर वाहते पाणी मिळवून देणारे प्रमुख साधन म्हणजे भूमिगत बोगदा. त्याला इराणात कनात, ओमान व संयुक्त अरब अमिरातींत फलज, अल्जीरियात फोगारा आणि मध्य आशियात कारेझ म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत पोहोचणारी एक खोल विहीर खणतात. तिला मातृविहीर म्हणतात. तेथून वस्तीच्या दिशेने अगदी मंद उताराचा बोगदा काढतात आणि माती उपसण्यासाठी व हवा खेळती राहण्यासाठी ठराविक अंतरावर उभी विवरे पाडतात. पाणी केवळ उताराने वाहत येऊन वस्तीजवळ उघड्यावर येते. वाटेत ते झाकलेले असल्याने बाष्पीभवनात फारसे उडून जात नाही.

या तंत्राच्या उगमाविषयी एकमत नाही. आँरी गोब्लो या फ्रेंच अभ्यासकाच्या मते त्याचे मूळ वायव्य इराण व लगतच्या डोंगराळ भागातील खाणकामात आहे. खाणीत साठणारे पाणी बाहेर काढण्यासाठी खणलेले बोगदे पुढे पाणी मिळवण्यासाठी वापरले गेले आणि इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभापासून हे तंत्र चोहीकडे पसरले. या मताच्या पुष्टीसाठी ॲसिरियाचा राजा दुसरा सारगॉन याने इ. स. पू. ७१४ मध्ये उत्तरेकडील उरार्तू या राज्यावर केलेल्या स्वारीच्या वृत्तांताकडे बोट दाखवले जाते. त्यात उल्हू या नगराला पाणी पुरवणाऱ्या योजनेचे वर्णन आहे. तथापि हा क्यूनिफॉर्म (कीलाकार लिपीतील) मजकूर नेमक्या त्याच जागी खंडित आहे आणि त्यातून कनात असा अर्थ काढणे हे अनुमान आहे. उघड्या कालव्याचे वर्णन म्हणूनही तो वाचता येतो.

दुसरा पक्ष आग्नेय अरबस्तानाचा आहे. संयुक्त अरब अमिरातींतील अल् ऐन परिसरातील हिली व बिदा बिन्त सौद येथील उत्खननांत मिळालेले फलज लोहयुगातील, साधारणपणे इ. स. पू. १००० च्या सुमाराचे मानले जातात. हे कालमापन ग्राह्य धरल्यास इराणातून प्रसार झाल्याची कल्पना मागे पडते. पुरातत्त्वज्ञ रेमी बुशार्ला यांनी यावर असा आक्षेप घेतला आहे की, ही बांधकामे खोल जलधरातून (पाणी साठवणाऱ्या भूमिगत थरातून) नव्हे, तर ओढ्याच्या गाळात उथळ झिरपणारे पाणी गोळा करतात आणि म्हणून त्यांना खऱ्या अर्थाने कनात म्हणता येणार नाही. इजिप्तमधील खार्गा मरूद्यानातील ऐन मनावीर येथील बोगदे मात्र इ. स. पू. पाचव्या शतकातील इराणी अंमलाशी बरेच निश्चितपणे जोडता येतात. सिंकियांगमधील तुर्फानच्या कारेझांबाबत चिनी हान काळातील कालव्यांची परंपरा, पश्चिमेकडून आलेले तंत्र आणि स्थानिक निर्मिती अशी तीन मते आढळतात. एकाच ठिकाणी उगम शोधण्यापेक्षा निरनिराळ्या प्रदेशांत उथळ व खोल असे वेगवेगळे प्रकार स्वतंत्रपणे विकसित झाले असावेत, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

बुशार्ला यांनी दाखवलेला भेद शब्दच्छल वाटला, तरी नगरनियोजनाच्या दृष्टीने तो कळीचा आहे. उथळ झिरपा लागोपाठच्या दोन-चार कोरड्या वर्षांत आटतो, तर खोल जलधरातून येणारा प्रवाह तुलनेने स्थिर राहतो. प्रवाह स्थिर असला तरी तो मागणीप्रमाणे वाढवता येत नाही. म्हणून त्यावर वसलेल्या वस्तीला वाढीची मर्यादा आपोआप पडते.

ही मर्यादा ओळखून केलेल्या रचनेचे ठळक उदाहरण म्हणजे अल्जीरियातील म्झाब खोरे. येथे इबादी पंथाच्या लोकांनी अकराव्या शतकाच्या आरंभी एल् अत्तफ आणि पुढे त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास घर्दाया ही नगरे वसवली. नेमकी वर्षे निरनिराळ्या ग्रंथांत थोडीफार वेगळी दिली जातात. टेकडीच्या माथ्यावर मशीद, तिच्याभोवती उतारावर घरांची वर्तुळे, पायथ्याशी तट व बाजार, आणि खाली वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या, काठाने खजुराच्या बागा अशी आखणी होती. पुराचे पाणी दगडी विभाजकांनी बागांमध्ये वाटले जाई. तटाच्या आतील जागा भरली की तट वाढवत राहण्याऐवजी नवे नगर वसवले जाई, आणि अशी पाच नगरे उभी राहिली. खोऱ्यात सखल भागाकडे वस्ती सरकली ती अलीकडच्या काळात. ऑक्टोबर २००८ च्या पुरात घर्दाया भागात तीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

पाण्याची हमी व वाढीवरील नियंत्रण : आधुनिक काळात दूरच्या नद्या, खोल कूपनलिका आणि निःक्षारीकरण (खाऱ्या पाण्यातील क्षार काढून टाकणे) यांमुळे नैसर्गिक मर्यादा सैल झाली आणि तिची जागा कायद्याने घेण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या १९८० च्या भूजल कायद्यानुसार नियंत्रित क्षेत्रांत नवी वसाहत पाडून भूखंड विकायचे असल्यास १०० वर्षे पुरेल एवढ्या पाण्याची हमी दाखवावी लागते. हा कायदा दूरदर्शी असला तरी त्यात एक पळवाट राहिली. वसाहतीची व्याख्या सहा किंवा अधिक भूखंडांना लागू असल्याने जमिनीचे पाच किंवा त्याहून कमी तुकडे करून विकल्यास हमीची अट लागत नाही. फीनिक्स महानगराच्या कडेला रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती याच वाटेने वाढली. तेथील काही शे घरांना शेजारच्या स्कॉट्सडेल शहराच्या पाणीकेंद्रावरून टँकरने पाणी येई. कोलोरॅडो नदीच्या टंचाईचे कारण देऊन शहराने १ जानेवारी २०२३ पासून हद्दीबाहेरच्या वाहतुकीसाठी पाणी देणे थांबवले, तेव्हा चांगल्या बांधणीच्या घरांतील कुटुंबांवर पावसाचे पाणी बादल्यांत साठवून शौचालयासाठी वापरण्याची पाळी आली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने फीनिक्स भागात केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना हमीपत्रे देण्यावर निर्बंध जाहीर केले.

लास व्हेगासची पद्धत निराळी आहे. कोलोरॅडो नदीतील नेवाडा राज्याचा वाटा वर्षाला सुमारे ३७ कोटी घनमीटर एवढाच आहे. मात्र घरांच्या आत वापरलेले जवळपास सर्व पाणी शुद्ध करून मीड जलाशयात परत सोडले जाते आणि जेवढे परत जाते तेवढे पुन्हा उचलता येते. त्यामुळे तेथे न्हाणीघरातील पाण्यापेक्षा अंगणातील हिरवळीवर उडून जाणारे पाणी हाच खरा खर्च ठरतो. शोभेपुरत्या हिरवळीला नदीचे पाणी देण्यास २०२७ पासून बंदी करणारा कायदा राज्याने २०२१ मध्ये केला, तो या हिशेबामुळे.

सांडपाणी आणि वर चढणारे भूजल : पाणी आणण्याची योजना आधी व गटारे नंतर, हा क्रम इतर प्रदेशांत गैरसोयीचा असतो, वाळवंटात तो विनाशक ठरू शकतो. वाळूखाली अनेक ठिकाणी चिकणमाती, जिप्सम किंवा कठीण खडकाचा अपार्य, म्हणजे पाणी झिरपू न देणारा, थर असतो. नळांतून गळणारे, शोषखड्ड्यांत मुरणारे आणि बागांना दिलेले पाणी त्या थरावर साठत जाते व भूजलाची पातळी वर्षानुवर्षे वर येते. वाटेत ते मातीतील सल्फेट व क्लोराइड क्षार विरघळवते. हे खारे पाणी इमारतींच्या पायांतील काँक्रीट पोखरते आणि सळ्या गंजवते. रियाध व कुवेत या शहरांत ही समस्या बरीच अभ्यासली गेली आहे.

राजस्थानातील दोन उदाहरणे येथे महत्त्वाची आहेत. जैसलमेरला वर्षाला सरासरी २०० मिमी.पेक्षाही कमी पाऊस पडतो. नगराचे जुने पाणी गडसीसर तलावाचे. तो रावळ गडसी याने चौदाव्या शतकात बांधला असे सामान्यतः मानतात. मूळ तलाव बाराव्या शतकातील असावा असेही एक मत आहे. तलावाच्या पाणलोट क्षेत्राला आगोर म्हणतात व ते स्वच्छ राखण्याची शिस्त कडक होती. किल्ल्यातील घरांत डोक्यावरून आणलेल्या घागरीचे पाणी पिणे, धुणे व गुरे असे पुरवून वापरले जाई आणि उरलेले थोडेसे उघड्या नालीत सुकून जाई. नळ आल्यावर वापर अनेक पटींनी वाढला, पण नाल्या त्याच राहिल्या. किल्ल्याची टेकडी वालुकाश्म, शेल व चिकणमाती यांच्या कच्च्या थरांची आहे. पाणी मुरून हे थर मऊ पडले आणि तटबंदीचे व आतील वास्तूंचे काही भाग ढासळले. शेकडो वर्षे टिकलेली, आजही वसती असलेली ही वास्तू पाण्याअभावी नव्हे, तर पाण्यामुळे धोक्यात आली. जागतिक स्मारक निधीने १९९६ मध्ये धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला.

जोधपूरला इंदिरा गांधी कालव्याचे पाणी उपसा कालव्याने कायलाना जलाशयात येऊ लागल्यानंतर जुन्या शहरातील तळघरांत पाणी येऊ लागले. कायलाना–तखतसागर जलाशयांतील गळती, नळ व गटारांची गळती, आणि नळाच्या पाण्यामुळे विहिरी व बावड्यांचा (पायऱ्यांच्या विहिरींचा) उपसा थांबणे अशी तीन कारणे पुढे केली जातात. कोणत्या कारणाचा वाटा किती यावर मतभेद असले, तरी तिसऱ्या कारणाकडे झालेले दुर्लक्ष योग्य वाटत नाही. पूर्वी रोजचा उपसा हाच शहराचा निचरा होता आणि तो बंद पडल्याची नोंद कोणत्याही नळयोजनेच्या अंदाजपत्रकात होत नाही.

भारतातील पाणीपुरवठ्याच्या प्रचलित मानकांत मलनिस्सारण नसलेल्या नगरांसाठी दरडोई दररोज ७० लिटर आणि ते असलेल्या किंवा होऊ घातलेल्या नगरांसाठी १३५ लिटर धरले होते. या फरकामागील तर्क वाळवंटात काटेकोरपणे पाळण्याजोगा आहे. गटारे आखतानाही वेगळ्या अडचणी येतात. नळ्यांत गाळ बसू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ०·६ मीटर राखावा लागतो, पण पाण्याचा वापर कमी आणि झाकणांच्या फटींतून वाळू पडत राहणारी, त्यामुळे नळ्या लवकर चोंदतात. उष्णतेत सांडपाणी लवकर कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो व काँक्रीटच्या नळीची वरची बाजू खातो.

पुराच्या बाबतीत कोरडी वादी मोकळी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बाडमेर जिल्ह्यातील कवास येथे ऑगस्ट २००६ च्या अतिवृष्टीचे पाणी खालच्या जिप्समच्या थरामुळे मुरले नाही आणि दीर्घकाळ साचून राहिले. जेद्दाह येथे नोव्हेंबर २००९ च्या पुरात शंभराहून अधिक लोक दगावले.

वाळू व वारा : राल्फ बॅग्नोल्ड यांच्या प्रयोगांवरून वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जमिनीलगत उड्या मारत जातो असे दिसते. म्हणून उंच भिंतीपेक्षा वस्तीच्या वाऱ्याकडील बाजूस असलेले खुरटे, सच्छिद्र झुडूप अधिक उपयोगी ठरते. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल या खाणनगरात ॲल्बर्ट मॉरिस यांच्या पुढाकाराने १९३६ पासून नगराभोवतीच्या जमिनीला कुंपण घालून चरणारी जनावरे व ससे यांना मज्जाव करण्यात आला. बरीचशी स्थानिक वनस्पती आपोआप परत उगवली आणि घरांवर येणारी वाळू आटोक्यात आली. मॉरिटेनियाची राजधानी नौआकशोत १९५८ मध्ये वसवताना सुमारे १५,००० लोकसंख्या गृहीत धरली होती असे बहुधा सांगितले जाते. १९७० च्या दशकातील अवर्षणात उजाड झालेले पशुपालक तेथे येत गेले, आज वस्ती १० लाखांवर आहे आणि वालुकागिरी थोपवणारे हरितपट्टे वस्तीच्या मागून लावले गेले.

रस्ते व सार्वजनिक सोयी : अरुंद, सावलीचे बोळ दिवसा थंड राहतात, पण रात्री उष्णता कोंडून धरतात, म्हणून जुन्या घरांत अंगण व गच्ची यांची जोड असे. इस्राएलमधील बीरशेबा येथे १९५० च्या दशकात युरोपीय उद्याननगरांच्या धर्तीवर मोठ्या मोकळ्या जागा ठेवल्या गेल्या, त्या धुळीच्या पटांगणांखेरीज काही झाल्या नाहीत आणि पुढील दशकांत तेथे दाट, अंगणांच्या घरांच्या वसाहतींचे प्रयोग झाले. शाळा, दवाखाना व बाजार घरापासून सावलीत चालत जाण्याजोग्या अंतरावर असावेत, याबाबत मतभेद नाही. कचराभूमी व स्मशान प्रचलित वाऱ्याच्या आणि भूजलाच्या उताराच्या खालच्या अंगास ठेवतात. विजेची कमाल मागणी उन्हाळी दुपारी येत असल्याने पाण्याचे पंप रात्री चालवून उंच टाक्या भरून ठेवणे सोयीचे असते.

उद्यानांचे क्षेत्र मात्र लोकसंख्येच्या मानकावरून न ठरवता सांडपाण्यावरून ठरवणे इष्ट. ५०,००० वस्तीच्या नगराला दरडोई १३५ लिटर पाणी दिले आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी म्हणून परत मिळाले, तर शुद्धीकरणानंतर दररोज सुमारे ५४ लाख लिटर पाणी हाती येते. झाडाझुडपांची गरज दररोज ६ मिमी. धरल्यास एका हेक्टरला ६०,००० लिटर लागतात. यावरून अशा नगराला सर्व रस्त्यांची झाडे, शाळांची मैदाने व उद्याने मिळून जास्तीत जास्त ९० हेक्टर हिरवाई पोसता येईल. क्षार धुऊन काढण्यासाठी लागणारे जादा पाणी वजा केल्यास प्रत्यक्ष क्षेत्र त्याहून कमी भरते.