पंप बदलण्याआधी टाकीत डोकावा

जुनी गाडी वीसेक मिनिटं सुरळीत चालते, मग झटके खाते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. अशा गाडीला बऱ्याचदा नवा पंप बसतो आणि बऱ्याचदा तो खर्च वाया जातो. पंपाला पेट्रोल मिळतं ते टाकीच्या तळाची जाळी, लोखंडी पाइप आणि रबरी होज यांतून. या वाटेवर कुठेही अडलं तरी लक्षण एकच दिसतं, म्हणून तपास टाकीपासून सुरू करायचा.

पहिल्या चाचणीला अवजारही लागत नाही. गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. सुस्सकन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीचा श्वास कोंडला आहे. जितकं पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असतं, किंवा टाकीला वेगळी नळी असते. ती वाट धुळीने, गंजाने किंवा चुकीचं झाकण बसवल्याने बंद झाली की टाकीतला दाब घटत जातो. बाहेरच्या दाबापेक्षा तो फक्त ०.१ बारने कमी झाला, तरी ५० बाय ४० सेंटिमीटरच्या पत्र्यावर सुमारे २०० किलो वजनाइतका जोर येतो. काही जुन्या टाक्या आत चेपलेल्या दिसतात त्या यामुळेच. मात्र झाकण उघडताना हवा बाहेर आली, तर तो पेट्रोलच्या वाफेचा दाब असतो. उन्हात उभ्या गाडीत त्यात काही गैर नाही.

गंज आणि पाणी

गंज टाकीत दोन ठिकाणी धरतो. एक तळाशी, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तिथेच साचतं. दुसरा वरच्या कोरड्या भागात, कारण अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं. जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसं आणि कथलाचा मुलामा असायचा. तो उडाला की खालचं लोखंड उघडं पडतं.

इथेनॉलने यात भर घातली आहे. १० टक्के इथेनॉल असलेल्या १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ५ मिलिलिटर पाणी विरघळून राहू शकतं. त्याहून जास्त झालं, किंवा गारठा वाढला, की पाणी आणि इथेनॉल एकत्रच वेगळे होऊन तळाशी थर धरतात. पंपाची नळी नेमकी तिथून खेचते. गाडी सुरू होते, काही क्षण धडपडते आणि बंद पडते. शंका असेल तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करण्याला पर्याय नाही. जुन्या रबराच्या होजही इथेनॉलमुळे फुगतात किंवा आतून सुटतात. नवी होज घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ अशी खूण पाहा. तिला आतून फ्लोरोइलास्टोमरचं अस्तर असतं.

टाकी उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. हवेत ती साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेट घेते. भरलेल्या टाकीत ती सहसा याहून खूप दाट असते. म्हणजे खरी धोक्याची टाकी भरलेली नव्हे, तर नुकतीच रिकामी करून हवेशीर ठेवलेली. सांध्यांत अडकलेलं पेट्रोल धुतल्यानंतरही वाफ सोडत राहतं. अशा टाकीला घरी वेल्डिंग करू नये, मग ती कितीही धुतलेली असो. ते काम ज्यांच्याकडे टाकी निष्क्रिय वायूने भरून जोडण्याची सोय आहे त्यांचं.

गंज काढायला सायट्रिक आम्ल चांगलं. ते गंज विरघळवतं आणि खालच्या लोखंडाला त्या मानाने कमी खातं. आधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा जाईपर्यंत धुवा, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. मग १ लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम आम्ल या प्रमाणात द्रावण करून टाकी काठोकाठ भरा आणि १२ ते २४ तास ठेवा. पापुद्रे जाड असतील तर आधी मूठभर नट टाकून टाकी हलवा, पण नट मोजून टाका आणि मोजूनच काढा. जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीत मात्र आम्ल घालू नये. ते जस्त खातं आणि हायड्रोजन सोडतं.

खरी घाई शेवटच्या टप्प्यात करायची असते. स्वच्छ झालेलं ओलं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस पडतं. आम्ल ओतून टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, गरम हवेने वाळवा आणि लगेच थोडं तेल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा. आतून लेप देणारे इपॉक्सी मिळतात, पण ओल किंवा तेल राहिलेल्या पत्र्यावर तो लेप काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो आणि जाळी पार बंद करतो. टाकी गळत नसेल तर लेपाच्या वाटेला न गेलेलं बरं.

काटा

पेट्रोलची पातळी डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवणाऱ्या, टाकीतल्या टँक युनिटमध्ये तरंगणारा फ्लोट, त्याची दांडी आणि रोधाच्या (विजेला अडवणाऱ्या) तारेवर सरकणारी पट्टी असते. पेट्रोलची पातळी बदलली की रोध बदलतो आणि काटा हलतो. गोंधळ होतो तो रोधाच्या मोजमापात. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या बहुतेक गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम रोध असतो. जुन्या फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये उलटं, रिकामीला ७३ आणि भरलेलीला १०. अनेक युरोपीय युनिटांत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. बाजारात सुट्या मिळणाऱ्या अमेरिकी युनिटांत २४० ते ३३. बाहेरून युनिट सारखंच दिसतं, छिद्रंही जुळतात, आणि काटा मात्र उलटा फिरतो किंवा अर्ध्यावरच थांबतो. नवं युनिट टाकीत बसवण्याआधी मल्टीमीटर लावून फ्लोट हाताने वर-खाली करा आणि दोन्ही टोकांचे आकडे टिपा.

युनिटाला अर्थिंग टाकीच्या पत्र्यातून मिळतं आणि टाकीला चेसिसमधून. मध्ये गंज, रंग किंवा रबरी पट्ट्या आल्या की वाटेत ३०-४० ओहमची भर पडते. ० ते ९० च्या गाडीत मग टाकी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते आणि वाटेत पेट्रोल संपतं. ७३ ते १० च्या गाडीत तोच बिघाड टाकी रिकामी दाखवतो. युनिट उचकटण्याआधी त्याच्या बॉडीपासून चेसिसच्या उघड्या पत्र्यापर्यंत एक जाडसर वायर जोडून बघा. काटा जागेवर आला तर काम तिथेच संपलं.

तरीही चूक दिसत असेल तर युनिटाची वायर काढून काटा बघा, मग तीच वायर १० ओहमच्या रोधातून चेसिसला क्षणभर टेकवा. दोन्ही वेळा काटा विरुद्ध टोकांकडे गेला तर मीटर आणि वायरिंग ठीक आहे, दोष टाकीत. थेट टेकवण्यापेक्षा रोध मध्ये घेतलेला चांगला, कारण द्विधातूपट्टीच्या (दोन धातूंची पट्टी तापून वाकली की काटा हलतो अशा) मीटरमध्ये जादा प्रवाहाने तापतार जळू शकते. हे मीटर हळू हलतात, म्हणून चाचणीच्या वेळी अर्धा मिनिट वाट पाहावी लागते. त्यांना साधारण स्थिर व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर डॅशबोर्डमागे असतो. पेट्रोल आणि तापमान दोन्हींचे काटे एकाच वेळी वर चढलेले दिसले तर टाकीकडे बघूच नका, स्टॅबिलायझर आणि त्याचं अर्थिंग तपासा.

पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला आणि बुडबुडे आले, तर त्याला भोक आहे. त्यावर डाग मारत (सोल्डर करत) बसू नका. आतली पेट्रोलची वाफ आणि तापलेला कैया एकत्र येऊ नयेत.

आता पंप

इंजिनाच्या कॅमवर (फिरणाऱ्या उंचवट्यावर) चालणाऱ्या डायफ्रॅम (लवचिक पडद्याच्या) पंपाचा दाब इंजिनाच्या वेगावर नव्हे, आतल्या स्प्रिंगवर ठरतो. कॅम फक्त डायफ्रॅम खाली ओढतो, पेट्रोल वर ढकलते ती स्प्रिंग. दाब सहसा ३ ते ६ पीएसआय असतो. त्याजागी जादा दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला की कार्ब्युरेटरची सुई तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडतं.

चाचणीसाठी कॉइलची मुख्य वायर काढून अर्थ करा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरकडचा पाइप मापाच्या बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. ३० सेकंदांत साधारण अर्धा लिटर पेट्रोल यायला हवं. ते कमी आलं, तर पंपाची नळी टाकीऐवजी शेजारच्या डब्यातल्या पेट्रोलमध्ये बुडवून पुन्हा मोजा. आता पुरेसं आलं तर पंप निर्दोष आहे. खेचणाऱ्या बाजूची होज तडकली असेल तर ती गळत नाही, हवा ओढते. खाली थेंब दिसत नाही म्हणून ती सुटून जाते. ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढली असेल तर मात्र डायफ्रॅम फाटलेला असू शकतो. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

टाकीत बुडालेला इलेक्ट्रिक पंप भोवतालच्या पेट्रोलने थंड राहतो, म्हणून टाकीत पेट्रोल नेहमी तळाशीच ठेवलं तर त्याचं आयुष्य घटतं. त्यालाही निकालात काढण्याआधी पंप चालू असताना त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजा. जोडणीत फक्त ०.२ ओहम रोध असेल आणि पंप ६ अँपिअर घेत असेल, तर १.२ व्होल्ट वाटेतच जातात.

फक्त उन्हात किंवा चढावर, गरम इंजिनात गाडी बंद पडत असेल तर पेट्रोल पाइपातच उकळत असावं. त्याचे हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात, आणि खेचण्याने दाब कमी झालेल्या पाइपात त्याहूनही आधी. द्रवाची वाफ झाली की ती दीडशे-दोनशे पट जागा व्यापते आणि पंप नुसती वाफच दाबत राहतो. म्हणून पंप टाकीजवळ, खालच्या पातळीला बसवून पेट्रोल ढकललेलं चांगलं. पाइप सायलेन्सरपासून दूर सरकवा, जिथे सरकत नाही तिथे मध्ये पत्र्याची आड घाला. पंपापाशी परतीची बारीक नळी टाकीकडे दिली तर पेट्रोल थांबून तापत नाही.