प्रतिकृतींचे स्प्रे-रंगकाम

वास्तू, वाहन वा यंत्राच्या हौसेने केलेल्या लहान प्रतिकृतीवर डब्यातून किंवा कॉम्प्रेसरच्या गनने रंगाचे तुषार उडवून थर देण्याचे काम. कारागिरांच्या बोलीत ‘स्प्रे मारणे’. यात ब्रशचे ओरखडे उमटत नाहीत आणि बारीक नक्षी रंगाखाली बुजत नाही.

तंत्राच्या उगमाविषयी एकमत नाही. हवेच्या झोताने रंग उडवणारे उपकरण ॲब्नर पीलर या अमेरिकन संशोधकाने १८७९ च्या सुमारास केले. ते मात्र चित्रकामासाठी होते. भिंती रंगवण्याच्या फवाऱ्याचे श्रेय बहुधा जोसेफ बिंक्स यांना दिले जाते. शिकागोतील एका मोठ्या दुकानाच्या तळघरात चुना मारण्यासाठी त्यांनी हातपंपाचे यंत्र वापरले (सु. १८८७). १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील इमारती फवाऱ्याने रंगवणारे फ्रान्सिस मिलेट यांनाही काही जण जनक मानतात. मिलेट यांनी तंत्राचा व्याप वाढवला, शोध लावला नाही, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. डब्यातला रंग बराच नंतरचा : एडवर्ड सीमोर यांनी १९४९ मध्ये ॲल्युमिनियमचा रंग एरोसोल डब्यात भरला. कल्पना त्यांच्या पत्नीची होती, असे सांगतात.

रंगाच्या निवडीत कोल्हापूरकरांची खरी कसोटी काळ्या दगडाशी लागते. येथील नवा राजवाडा (१८७७–८४, वास्तुकार मेजर चार्ल्स मँट) घडीव काळ्या पाषाणाचा, म्हणून त्याच्या प्रतिकृतीवर सरळ काळा रंग मारला जातो आणि कमानी, सज्जे, घड्याळाचा मनोरा सगळे एकाच सावलीत बुडून जाते. काळा पाषाण भिजला तरच काळाभोर दिसतो. कोरडा असताना तो करडा असतो, आणि उन्हापावसाने त्यातील लोह गंजून त्यावर तपकिरी झाक चढते. शिवाय प्रतिकृती जितकी लहान, तितका रंग मूळ वस्तूहून फिका घ्यावा लागतो. त्यामुळे रंगछटांच्या भारतीय मानक आय.एस. ५ मधील ‘डार्क ॲडमिरल्टी ग्रे’ (क्र. ६३२) पायाचा थर म्हणून मारून वरच्या कडांवर त्याहून फिक्या करड्याचा हलका तुषार द्यावा, दोन्ही मॅट (बिनचमकीचे) असावेत. प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर नमुना मारून, वाळल्यावर तो भर उजेडात कोरड्या दगडाशेजारी धरून पाहिला की डब्याच्या झाकणावरचा रंग किती फसवतो ते लगेच कळते.

एम.डी.एफ.च्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कापलेल्या कडा रंग शोषतात. तेथे लांबी (पुट्टी) भरून, घासून मग प्रायमर (अस्तराचा रंग) द्यावा. थर्माकोल थिनरने विरघळतो, म्हणून त्यावर आधी पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे अस्तर हवे. डबा आतली गोळी खडखडू लागल्यावरही मिनिटभर हलवावा. २० ते ३० सेंमी अंतर ठेवून, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. दोन-तीन पातळ हात पुरतात; एकच जाड हात दिला की ओघळ येतात. इनॅमलवर (तेलरंगावर) लॅकर (तीव्र थिनरचा, झटपट वाळणारा रंग) मारल्यास खालचा थर सुरकुततो. पावसाळ्यात, विशेषतः आषाढ-श्रावणात, उडून जाणारा थिनर पृष्ठभाग गार करतो, त्यावर दमट हवेतील बाष्प साचते आणि रंग पांढुरका पडतो. अशा दिवशी काम थांबवणेच बरे. काम उघड्या हवेत, बाष्परोधक मास्क लावून करावे. डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो.

कोल्हापुरात गनचा सराव असलेले हात मुख्यतः दोन ठिकाणी आढळतात : उद्यमनगरच्या कारखान्यांत आणि गणेशमूर्ती रंगवणाऱ्या कुंभार गल्ल्यांत. मूर्तीच्या गालांवर गडद छटा फिकीत विरघळवण्याची हातोटी राजवाड्याच्या कमानींखालील सावलीलाही तशीच लागू पडते.