युजेबिलिटी टेस्ट आणि फील्ड निरीक्षण: फरक जागेचा नाही

युजेबिलिटी टेस्ट म्हणजे यंत्र वापरायला सोपं आहे का याची चाचणी, फील्ड निरीक्षण म्हणजे ते प्रत्यक्ष कामाच्या जागी वापरलं जाताना पाहणं. दोन्हींत एक जण यंत्र वापरतो आणि दुसरा शेजारी बसून टिपून घेतो, म्हणून डिझाइन टीम दोन्ही एकच समजतात. टेस्ट हॉस्पिटलच्या वॉर्डात नेऊन घेतली की समाजशास्त्रीय अभ्यास झाला, असंही धरून चालतात. खरा फरक काम कोण ठरवतं यात आहे. टेस्टमध्ये काम तुम्ही देता. निरीक्षणात माणूस आपलं रोजचं काम करत असतो.

टेस्टचं तंत्र सोपं आहे. एका प्रकारचे पाचेक वापरकर्ते, प्रत्येकी तासाभराचं सत्र. काम सांगताना बटणाचं नाव उच्चारू नये, नाहीतर माणूस तोच शब्द स्क्रीनवर शोधतो. पाच जणांत ठळक दोष सापडतात. पण इतक्या थोड्या लोकांत चौघांना जमलं म्हणून '80 टक्के यश' लिहिणं चूक.

आता इन्फ्युजन पंप, म्हणजे शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारं यंत्र, घ्या. शांत खोलीत नर्स अलार्म लगेच बंद करते. वॉर्डात हातात ग्लोव्ह्ज, शेजारच्या खाटांचेही पंप वाजतायत, स्क्रीन भिंतीकडे वळलेली. आवाज कोणत्या पंपाचा, इथूनच शोध सुरू. टेस्टमध्ये हे दिसणार कसं? तिथे पंप एकच होता.

म्हणून निरीक्षणाला निरनिराळ्या पाळ्यांत बसा, पाळी बदलताना तर नक्कीच. वहीत दोन रकाने करा: दिसलं ते एकात, त्यावरून वाटलं ते दुसऱ्यात. यंत्रावर डकवलेली चिठ्ठी, बाजूला चालवलेली वेगळी वही, हे सगळं टिपा. डिझाइन कुठे कमी पडलं ते तिथे कळतं. 'सहसा कसं करता?' या प्रश्नाला नियमावलीतलं उत्तर येतं. 'मागच्या वेळी काय झालं?' असं विचारा. वरिष्ठ शेजारी उभे नकोत, आणि नोंदींतली नावं काढा, नाहीतर नियमाबाहेरची आपली युक्ती दाखवणाराच अडचणीत येतो.

मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात फोटोकॉपी यंत्र वापरणाऱ्या जोड्यांचं चित्रीकरण केलं. त्यावरचं पुस्तक 1987 मध्ये आलं. कामं ठरवून दिलेली होती, तरी त्यांनी पाहिलं ते दोघांमधलं बोलणं. माणसं काय बोलतात, कशाने गोंधळतात, यातलं यंत्राला काहीच कळत नव्हतं. त्याला कळत होती ती दाबलेली बटणं आणि अशाच मोजक्या हालचाली.

क्रमही महत्त्वाचा: आधी निरीक्षण, मग त्यातून टेस्टची कामं. पंपाच्या टेस्टमध्ये तीन पंप एकदम वाजवा, ग्लोव्ह्ज घालायला लावा आणि एक स्क्रीन भिंतीकडे फिरवून ठेवा.