शेवटच्या तंतूला शेजारी हवा

राउटर टेबलवर, म्हणजे मधून फिरते कापणारे पाते (बिट) वर आलेल्या टेबलावर, लाकडी पट्टीच्या टोकाला कूस, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारी जीभ, काढताना काप साफ येत असतो, आणि बिट बाहेर पडता पडता कडेची ढलपी उडते. दोष बहुधा धारेला दिला जातो. पण लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या नळ्यांची जुडी. लांबीच्या दिशेने ती चिवट असते, मात्र एक नळी शेजारणीपासून सोडवायला फारसा जोर लागत नाही. टोक कापताना बिट प्रत्येक तंतूला पुढच्या तंतूवर रेटून तोडते. कडेच्या तंतूमागे कोणीच नसते. तो तुटण्याऐवजी वाकतो आणि सोलून निघतो.

दुसरी अडचण टेकूची. ५० मिमी रुंद पट्टीचे टोक फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या सरळ उभ्या आडोशाला, टेकते, पण तिथेच बिटसाठी फट असते. पट्टी जराशी तिरकी झाली की बिट तिला खेचून घेते. ४० मिमी व्यासाचे बिट मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याची धार ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगाने धावते. इथे हात सावरून घेईल या भरवशावर राहू नये.

दोन्हींवर उतारा म्हणजे घरी केलेली सरकती गाडी, स्लेड. ६ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा), पट्टीपेक्षा बराच लांब तळ, त्याची सरळ कड फेन्सला घासत जाणारी. तळ जाड घेतला तर बिट तितके वर काढावे लागते. तळावर त्या कडेशी काटकोनात आधारपट्टी, आणि लाकूड दाबून धरायला टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडी दाबताच पकडणारा चिमटा. बोटे आपोआप लांब राहतात.

आधारपट्टी उजवीकडे हवी. वरून पाहिले तर टेबलातले बिट घड्याळाच्या उलट फिरते, आणि गाडी आपण उजवीकडून डावीकडे ढकलतो. म्हणजे बिट लाकडाला उजवीकडे रेटते आणि बाहेरही तिथूनच पडते. तो रेटा आधारपट्टी झेलते, शेवटच्या तंतूला शेजारीही मिळतो.

काहीजण टेबलाच्या खाचेत चालणारी पट्टीही तळाला जोडतात. मी जोडत नाही. फेन्स आणि खाच तंतोतंत समांतर नसतील तर दोन मालकांच्या चाकरासारखी गाडी अडते.

काटकोन मात्र चांगल्या गुण्याने तपासावा. अर्ध्या अंशाची चूक ५० मिमीत सुमारे ०.४ मिमीची फट पाडते, आणि दाराच्या चौकटीत असे चार सांधे असतात. आधारपट्टीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक खोबण ठेवली की भुसा तिथे जातो, नाहीतर तोच लाकडामागे अडकून काटकोन बिघडवतो.

पहिल्याच फेरीत आधारपट्टीत बिटच्या आकाराची खाच पडते. ती खाच बिटला नेमकी बसते, तोवर आधार पक्का. बिट १ मिमी वरखाली केले की मोकळी जागा राहते आणि ढलपी परत उडू लागते. म्हणून ही पट्टी गोंदाने चिकटवू नये. स्क्रूने बसवावी, म्हणजे बदलता येते, आणि ते स्क्रू बिटच्या वाटेपासून लांब असावेत.