शत्रूची तोफ नेमकी कुठे आहे?

१९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानी तोफखान्याकडे अमेरिकी बनावटीची अशी रडार होती, जी आपला गोळा हवेत असतानाच तो कुठून सुटला हे सांगत. आपल्याकडे होती ती जुनी ब्रिटिश सिंबेलीन, उखळी तोफांचा माग काढण्यापुरती. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले होते, त्यामुळे तिकडून काही मिळण्याची आशाच नव्हती.

मुळात तोफ शोधावी का लागते? पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा समोर दिसत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोळा सुटतानाचा मागचा धक्का पचवणाऱ्या तोफा आल्या, पल्ला वाढला आणि तोफखाना टेकड्यांमागे जाऊन बसला. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा दोन्ही बाजू न दिसणाऱ्या तोफांचा मारा खात होत्या.

ब्रिटिशांनी १९१५ मध्ये हे काम लॉरेन्स ब्रॅग या तरुण अधिकाऱ्याकडे सोपवलं. क्ष-किरणांवरच्या कामासाठी त्याच वर्षी त्यांना वडिलांबरोबर नोबेल मिळालं, वय २५. त्याच सुमारास त्यांचा भाऊ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मारला गेला. कल्पना साधी होती: आघाडीमागे ओळीने मायक्रोफोन मांडायचे, तोफेचा आवाज प्रत्येकापर्यंत किती फरकाने पोहोचतो ते मोजायचं आणि नकाशावर तोफेची जागा काढायची. घोडं अडलं ते मायक्रोफोनपाशी. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळ्याच्या कडाक्यात तोफेचा खरा, खोल आवाज हरवून जायचा.

वाट सापडली ती शौचकूपात. ब्रॅग ज्या घरात राहत होते तिथल्या संडासाला बाहेरच्या हवेशी जोडणारं भोक एकच, बैठकीखालच्या नळाचं. जवळची ब्रिटिश तोफ उडाली की आवाज फारसा ऐकू येत नसे, पण बसलेला माणूस किंचित उचलला जाई! म्हणजे तोफेची खरी ताकद कानाला न कळणाऱ्या दाबाच्या लाटेत होती. त्यांच्या तुकडीत आलेल्या टकर नावाच्या कॉर्पोरलच्याही लक्षात आलं होतं की, तोफ उडाली की त्याच्या बिछान्याजवळच्या भिंतीतल्या भोकांतून गार झुळूक येते. त्यावरून १९१६ मध्ये त्याने तापवलेल्या बारीक प्लॅटिनमच्या तारेचा मायक्रोफोन केला. लाट आली की तार निवते, तिचा विजेला होणारा रोध बदलतो आणि फिल्मवर खूण उमटते. गोळ्याच्या कडाक्याकडे ही तार लक्षच देत नसे. १९१८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या आमियाँच्या लढाईआधी बहुतेक जर्मन तोफांच्या जागा ब्रिटिशांच्या नकाशावर आलेल्या होत्या.

यात विज्ञान नवं असं काहीच नव्हतं. ध्वनीचा वेग ठाऊक होता, तारेचा रोध ठाऊक होता. युद्धाने केलं ते इतकंच की, नोबेलविजेत्याला खंदकांच्या मागे नेऊन बसवलं आणि पैशाला ना म्हटलं नाही. माझ्या मते युद्धातल्या बहुतेक ‘शोधां’ची गोष्ट अशीच असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम रडारकडे आलं. गोळा डोंगराआडून वर आला की रडार त्याचा काही सेकंदांचा प्रवास टिपतं, त्यावरून पूर्ण वक्र मार्ग काढतं आणि तो उलटा जमिनीपर्यंत नेतं. अमेरिकेची फायरफाइंडर रडार १९७० च्या दशकात विकसित झाली. ती पाकिस्तानकडे आपल्या आधी पोहोचली.

निर्बंध २००१ मध्ये उठले आणि पुढच्या वर्षी आपणही ती मागवली. स्वदेशी रडारचा धागा मात्र भलतीकडेच सापडला. ओडिशातल्या चांदीपूरला आकाश क्षेपणास्त्राच्या चाचण्या चालू असताना त्याच्या राजेंद्र रडारला शेजारच्या चाचणी-क्षेत्रातून डागलेले तोफगोळेही दिसले. विमानांसाठीचं हे रडार तोफेसाठी वळवायचं ठरलं. बेंगळुरूच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते ‘स्वाती’ म्हणून घडवलं. २ मार्च २०१७ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी ते लष्कराकडे औपचारिकपणे सुपूर्द केलं. टकरची तार काही महिन्यांत आघाडीवर गेली होती. आपल्याला कारगिलनंतर जवळपास १८ वर्षं लागली. लढाई थांबली की निकड फायलीत जाते, हे इथे स्पष्ट दिसतं.

२०२० मध्ये आर्मेनियाने स्वाती विकत घ्यायचा करार केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागोर्नो-काराबाखमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात युद्ध पेटलं आणि तिथे गाजले ते ड्रोन.