शिप की शीप? आधी कानाला विचारा

माझी वहिनी मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. परवा सांगत होती, पोरं इंग्रजीतले शिप (जहाज) आणि शीप (मेंढी) दोन्ही एकच म्हणतात, एका सुरात वीस वेळा म्हणून घेतलं तरी तेच, आणि पालक म्हणतात मॅडम, घरी मोबाईलवर इंग्रजी कार्टून लावून देतो, येईल आपोआप. या 'आपोआप'साठीच हा लेख.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो, बोलताना मात्र दिन आणि दीन सारखेच येतात. म्हणून तर पहिली वेलांटी की दुसरी, यात मोठी माणसंपण अडकतात. कानाने दोन्ही आवाज एकाच खणात टाकलेले असतात, आणि हे खण पडायला लागतात वर्षाच्या आतच. १९८४ मध्ये कॅनडात वर्कर आणि टीस या संशोधकांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले, ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, १०-१२ महिन्यांच्या फारच थोड्यांना. मग २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ती शिकली, टीव्हीवरून काहीच नाही. दुसरीतली मुलं बाळं नाहीत हे मान्य, पण नुसता स्क्रीन लावून भागेल असं धरून चालू नका.

आता माझा आवडता भाग. शीपमधली ई म्हणताना जीभ जास्त वर आणि पुढे जाते, मागची पोकळी मोठी होते, पुढची लहान, त्यामुळे तोंडात घुमणारे सूर बदलतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये छापलेल्या मोजमापात पुरुषांच्या आवाजात या ईचा पहिला फॉर्मंट सरासरी २७० हर्ट्झ, दुसरा २२९०. शिपमधल्या इचे ३९० आणि १९९०. म्हणजे एक खाली, दुसरा वर. मुलांना 'लांब म्हणा' सांगून भागत नाही ते यामुळेच, कारण लांबी पुढच्या व्यंजनावरपण ठरते, इंग्रजी बीटमधली (beat) ई बीडमधल्या (bead) ईपेक्षा आखूडच असते.

मग वर्गात काय करायचं? एका भिंतीवर जहाजाचं चित्र, समोरच्या भिंतीवर मेंढीचं. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून शब्द म्हणतात, कारण ओठ दिसले की ताणलेल्या ओठांवरून मुलं ओळखतात आणि कानाला काम उरत नाही. मुलं पळत जाऊन भिंत गाठतात, बरोबर-चूक लगेच, दर शब्दाला कळलं पाहिजे. आवाज मात्र बदलते हवेत. इंग्रजी आर आणि एल यांतला फरक जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना अमेरिकेत असं दिसलं की एकाच माणसाच्या आवाजावर सराव केलेले नव्या आवाजापुढे अडकले, अनेकांचे आवाज ऐकलेले निभावले. इथे मोबाईल खरंच कामाचा आहे! बाईंना स्वतःलाच फरक जमत नसेल तर डिक्शनरी ॲपमधला उच्चार लावावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांच्याही कानावर मराठीचेच संस्कार झालेत.

वहिनीला पाच जणांच्या आवाजातली रेकॉर्डिंग पाठवलीयत. पुढच्या आठवड्यात इंग्रजीतले पुल आणि पूल, दोरी ओढण्याचं चित्र आणि पोहण्याच्या तलावाचं.