सीएनजी किट आणि 'दुप्पट' हप्त्याची गोष्ट

सोलापुरात जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवताना हमखास कानावर येतं, "विम्याला कळवू नका, हप्ता दुप्पट होईल." हे साफ चुकीचं आहे.

वाढ दोनच ठिकाणी होते. ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) साधारणपणे किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) ६० रुपये. किट ५०,००० चं असेल तर २,००० अधिक ६०, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे वर्षाला सुमारे २,४३१ रुपये. पुढे घसारा लागून किटची किंमत उतरते, तशी ही रक्कमही.

फिटरचं बिल म्हणजे विमा नव्हे. मान्यताप्राप्त किटची कागदपत्रं घेऊन आधी आरटीओत जा. एमएच १३ च्या (सोलापूरच्या) आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/सीएनजी' अशी नोंद झाली, की आरसी आणि बिलाची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर एन्डोर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, करून घ्या. नूतनीकरणाची वाट बघू नका. मधल्या काळात गाडी जळाली, तर सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) आधी सिलिंडर बघतो, मग आरसी. नोंद नसेल तर क्लेम कापला जातो किंवा नाकारलाही जातो, आणि किटचे पैसे तर मिळतच नाहीत.